डावीकडचं बेअरिंग

मशीनची वायर भिंतीतून काढून जमिनीवर टाकलेली होती आणि आवाज चालूच होता. पिनेचे तीन पितळी दात वर करून ती भुशात उताणी पडली होती, आणि मी रंध्याच्या मशीनच्या डाव्या अंगाला उभी राहून मुलाला सांगत होते, "ऐक, अजून ओरडतंय. डावीकडचंच बेअरिंग आहे, पहिल्या दिवसापासून सांगतेय मी." मुलगा माझ्याकडे पाठ करून गुडघ्यांवर बसला होता, पट्ट्याचं झाकण उघडत. त्याला वाटलं मी मघाच्या आवाजाबद्दल बोलते आहे, मशीन चालू होतं तेव्हाच्या. सून पलीकडे फळ्यांच्या थप्पीला टेकून उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलं, मग जमिनीवरच्या पिनेकडे, मग परत माझ्याकडे, आणि तिच्या नजरेमागून मीही खाली पाहिलं. एवढंच झालं. काही पडलं नाही, फुटलं नाही, कोणाला लागलं नाही. "नवीन बेअरिंग घालूनही?" मुलगा झाकणात तोंड घालून म्हणाला. "मला तर काही वेगळं वाटलं नाही." आणि सून म्हणाली, "येतोय. बारीक आहे, पण येतोय. मलाही आला."

काचेचा पेला फुटला तर तुकडे ओंजळीत घेऊन माझ्यासमोर येऊन उभी राहणारी ही बाई. सात वर्षांत मी तिला शंभर गोष्टींवरून बोलले असेन, पण खोटेपणावरून एकदाही नाही. तेवढी जागाच तिने मला दिली नव्हती. आणि आज ती माझ्यासाठी खोटं बोलली, माझ्या तोंडावर, माझ्याच मुलाशी, पापणीही न हलवता. मी एरवी बोलण्यात मागे पडत नाही. माझ्या जिभेला धार लावायला दगड लागत नाही असं आमचे हे म्हणायचे. पण तेव्हा फडकं घेण्याच्या निमित्ताने मी मशीनला वळसा घालून पलीकडे गेले. आवाज माझ्या डावीकडेच होता. मशीन आता माझ्या उजवीकडे होतं, डावीकडे नुसती खिडकी, आणि तरीही ती बारीक, कोरडी, तारेसारखी ताणलेली शिट्टी डावीकडेच. मी खिडकीकडे तोंड केलं, दाराकडे केलं, थप्पीकडे केलं. मी फिरेन तसं ते बेअरिंग माझ्याबरोबर फिरत होतं. फडकं खांद्यावर टाकून मी स्वयंपाकघरात गेले, नळ मोठा सोडला, आणि डाव्या कानावर तळवा दाबला. बाहेरचं जग कमी झालं. शिट्टी वाढली.

आमच्या स्वयंपाकघरात आणि कारखान्यात एकच भिंत आहे. कारखाना म्हणायचं आपलं, आहे ती मागची एक लांबट खोली, दोन पायऱ्या उतरून, पत्र्याच्या छताची. चाळीस वर्षं मी त्या भिंतीच्या अलीकडे उभी राहून पलीकडचं ऐकलं आहे. शाळा मी चौथीत सोडली, पण त्या भिंतीची शाळा मी एक दिवस बुडवली नाही. ओलं लाकूड आलं की मशीनचा आवाज जड होतो, तोंडात घास असल्यासारखा. गाठ आली की एक ठेच लागते. पाती बोथट झाली की मशीन कापत नाही, फळीला चावत चावत पुढे नेतं, आणि तो आवाज माझ्या दाढांना कळायचा. फळीत जुना खिळा राहिला असेल तर तो पात्याला लागायच्या आधी नाही कळत, कोणालाच नाही, पण लागल्यावर मशीनच्या तीन पात्यांपैकी कितींना लागला ते मी कणीक मळता मळता सांगितलेलं आहे. काही बिघडलं की मी उलथन्याने भिंतीवर तीन ठोके द्यायचे, भिंत हादरायची आणि पलीकडे मशीन बंद व्हायचं. मग हे दारात येऊन उभे राहायचे, भुवयांवर भुसा, आणि मी त्यांना काय झालंय ते सांगायचे. लाकडाचा व्यापारी सगळीकडे सांगत फिरायचा की ह्या घरात मशीनला कान आहे आणि तो चुलीपाशी ठेवलेला असतो. मला ते आवडायचं. खोटं कशाला बोलू? फार आवडायचं. पाहुण्यांत एखादी बाई आपल्या दागिन्यांबद्दल बोलायला लागली की मी त्या कानाबद्दल बोलायचे.

लग्न झालं त्या पहिल्या वर्षी हे माझ्या तोंडाकडे बघत बसायचे. मी बोलत असले की डोळे ओठांवरून हलवायचे नाहीत. मी चारचौघांत लाजायचे, एकांतात चढून जायचे. मैत्रिणींना सांगायचे, अगं, हा माणूस माझं बोलणं नुसतं पितो. पंधरा वर्षं मी त्या नजरेवर जगले म्हटलं तरी चालेल. तोंडाने शिव्या द्यायचे आणि मनात म्हणायचे, बघा, बघा, बघून घ्या. आणि मग एक दिवस ह्यांची पाठ माझ्याकडे असताना, मशीन बंद असताना, खोली शांत असताना, मी म्हटलं, "तुमचा चहा निवतोय," आणि ते वळले नाहीत. मी पुन्हा म्हटलं. मग मी म्हटलं, "तुमची आई गेली." जिवंत बाईबद्दल म्हटलं, देव मला क्षमा करो. ते लाकडावर पेन्सिलीने रेघ मारत राहिले. रेघ सरळ होती. तेव्हा माझं जे तुटलं ते काय होतं, हे मला पुढे कितीतरी वर्षं नीट सांगता आलं नाही. नवरा बहिरा आहे याचं दुःख मागून आलं. आधी आलं ते हे, की पंधरा वर्षं कोणी माझ्याकडे बघतच नव्हतं. अक्षरं बघत होतं.

ते समजून मी कोणाला सांगितलं नाही, ह्यांनाही नाही. वाट बघत राहिले, कधीतरी हे आपल्या तोंडाने म्हणतील. एक वाक्य. त्याऐवजी मी घरी नव्हते तेव्हा ह्यांनी मशीनचे बोल्ट स्वतःच ठोकले, कदाचित मला कळलंय हे त्यांना कळलं म्हणून. मशीनच्या मधोमध एक जड लोखंडी रूळ फिरतो. त्याच्या खाचांमध्ये तीन पाती, प्रत्येक पात्याला चार बोल्ट, असे बारा. धार लावून पाती परत बसवली की बोल्ट आवळायचे आणि मग छोट्या हातोडीने एकेकावर टिचकी मारायची. घट्ट बोल्ट वाजतो. ढिला बोल्ट नुसता 'ठप' करतो, रिकाम्या घराच्या दारावर थाप मारल्यासारखा. ही माझी रीत. कोणी शिकवली नाही, मीच काढली, आणि आमच्या घरात त्यानंतर माझ्या टिचक्यांशिवाय मशीन कधी चालू झालं नाही. मी बहिणीच्या घरी चार दिवस गेले होते तेव्हाची ती एकच वेळ सोडून. ह्यांनी बारा टिचक्या मारल्या, मान हलवली, "ठीक आहे" म्हणाले, आणि फळी ढकलायला धाकट्या भाऊजींना, त्यांच्या सख्ख्या भावाला उभं केलं. फळी ढकलणारा मशीनच्या समोर असतो. पातं सुटलं तर त्याच्याच अंगावर येतं. पात्याचा हातभर तुकडा भाऊजींच्या खांद्यात गेला तो हाडाला जाऊन थांबला. त्यांचा तो हात पुन्हा छातीच्या वर गेला नाही. सुतारकाम सुटलं, घर सुटलं, आता ते कुठल्याशा दुकानात बिजागऱ्या विकतात आणि माझ्याशी बोलताना शेल्फाकडे बघतात. मी ह्यांना सोडलं नाही. मरेपर्यंत सोडलं नाही. जेवताना, पाहुण्यांसमोर, दवाखान्यात खाटेवर, "बहिऱ्या माणसाने एवढंच म्हणायचं होतं, मला ऐकू येत नाही. चार शब्द. जीभ झडली असती का?" ते माझ्या तोंडाकडे बघत राहायचे, शेवटच्या अक्षरापर्यंत. त्यांना सगळं कळायचं, ही त्यातली वाईट गोष्ट.

आता मशीन मुलाकडे आहे. त्याला मी मास्तर म्हणते, कारण तो फुटपट्टीशिवाय घासही घेणार नाही. सगळं मोजतो, सगळं लिहितो, ग्रीस कधी घातलं, पट्टा कधी बदलला, धार कधी लावली. कानांवर काळी मोठी टोपणं घालून काम करतो, सुनेलाही घालायला लावतो. पहिल्यांदा ती टोपणं पाहिली तेव्हा मी म्हटलं होतं, "वडील बहिरे झाले ते काम करून. तुम्ही आधीच होऊन बसलात." दोघंही चांगले कामगार आहेत, तोंडावर म्हणत नाही एवढंच. सून तर त्याच्याहून चांगली. तिच्या हाताखालून फळी जाते तेव्हा ती घाई करत नाही, लाकूड स्वतःहून जातंय असं वाटतं. दोन आठवड्यांपूर्वी त्यांनी एका तीन मजली घराच्या जिन्याच्या पायऱ्यांचं काम घेतलं, चव्वेचाळीस जाड फळ्या, आणि तिसऱ्या दिवशी मी भाजी चिरताना ती शिट्टी ऐकली. भिंतीवर तीन ठोके दिले. मशीन थांबलं. "डावीकडचं बेअरिंग सुकलंय," मी दारातून म्हटलं. "आई, सहा महिन्यांपूर्वी घातलंय." "मग सहा महिन्यांपूर्वी वाईट घातलंस." "मी हात लावून पाहिलं, गरमसुद्धा होत नाही." "हाताने ऐकायची विद्या तुझ्या शाळेत शिकवत असतील. मी सांगते ते कर, नाहीतर उद्या रूळ अडकून तुझ्या बायकोची बोटं जातील, मग मोज किती राहिली ते." त्याने तोंड पाडलं आणि मशीन उघडलं. माझ्यावरचा त्याचा विश्वास हा त्याच्या डोक्यापेक्षा जुना आहे. भाऊजींचा खांदा त्याने अकरा वर्षांचा असताना पाहिला होता, आणि त्या दिवसापासून त्याचा एकच धडा पक्का आहे की आई ऐकते ते खरं.

रूळ बाहेर काढायचा म्हणजे आधी पाती सोडायची, बारा बोल्ट ढिले करायचे, मग पट्टा, मग बेअरिंग ज्यात बसतात ती दोन्हीकडची घरं, मग पुलर लावून बेअरिंग ओढून काढायचं. दिवस जातो. त्याने डावीकडचं बदललं. शिट्टी राहिली. मी म्हटलं नीट बसवलं नाहीस. त्याने पुन्हा सगळं उतरवलं, दोन्ही बदलली, जुनी बेअरिंग धुऊन माझ्यासमोर टेबलावर फिरवून दाखवली. ती लोण्यासारखी फिरली. मी म्हटलं, "टेबलावर कोणीही फिरतं. वजन पडलं की कळतं." आज तिसऱ्यांदा. जिन्याचं घर ज्यांचं, तो माणूस सकाळी येऊन गेला होता. त्याच्या घरात वरच्या मजल्यावर जायला शिडी लावलेली आहे आणि त्याची म्हातारी आई खाली अडकून पडली आहे, असं तो म्हणाला. मुलगा त्याला म्हणाला, "आमच्याही आईने सांगितलंय, मशीन बरोबर नाही. ती सांगते तेव्हा मी चालवत नाही." किती अभिमानाने म्हणाला. मी दाराच्या फटीतून त्यांची तोंडं बघत होते. माझा ऊर भरून आला होता. चार तासांपूर्वीची गोष्ट.

नळाखाली मी एकच पेला पुन्हा पुन्हा धूत होते. सून आत आली, माझ्या शेजारी उभी राहिली, नळ बंद केला. "पाणी संपेल टाकीतलं," म्हणाली. "संपू दे, तुझ्या बापाने भरली नाहीये." तिने ते ऐकून सोडून दिलं, पदराला पुसल्यासारखं. मग हळू म्हणाली, "आई, कान दाखवू या का कोणाला? मी येते बरोबर. ह्यांना नाही सांगत." ह्यांना नाही सांगत! जणू मी कपाटातून काही चोरलं आहे आणि ती झाकून घेते आहे. मी तिच्याकडे वळले. माझ्या मनात भरपूर होतं, रांगेत उभं होतं सगळं, तुझ्या आईचे कान दाखव, तुझे डोळे दाखव, तुझ्या मेहेरबानीवर जगायची वेळ आली नाही माझ्यावर अजून. मी म्हटलं, "तू खोटं का बोललीस?" "तुमचा चेहरा बघवला नाही," म्हणाली. मी पेला आपटला नाही. आपटायला हवा होता. तो पालथा घालून ठेवला, व्यवस्थित, इतर पेल्यांच्या रांगेत. माझा चेहरा. म्हणजे माझ्या चेहऱ्यावर काहीतरी येऊन गेलं होतं, ते मला दिसलं नव्हतं, आणि ते हिच्याकडे आहे आता, कायमचं.

संध्याकाळ व्हायला आली तेव्हा पलीकडून मुलाची हाक आली. हाक आली हे मला सुनेच्या मान वळवण्यावरून कळलं. त्याने बेअरिंग पुन्हा तपासली होती, काही सापडलं नव्हतं, ग्रीस घालून रूळ परत बसवला होता, आणि पाती लावून ठेवली होती. "उंची बघतेस का?" तो म्हणाला. ते कामही माझंच. मशीनच्या मागच्या सपाट मेजावर एक सरळ लाकडी पट्टी ठेवायची, मेजाची कड आली तिथे तिच्यावर पेन्सिलीची खूण करायची, आणि रूळ हाताने सावकाश फिरवायचा. पातं वर येतं, पट्टीला उचलतं, थोडी पुढे ओढतं आणि सोडतं. तिन्ही पात्यांनी पट्टी सारखीच ओढली पाहिजे, तांदळाच्या दाण्याएवढी, त्याहून जास्त नाही, कमी नाही. जे जास्त ओढेल ते एकटंच कापत बसतं आणि फळीवर लाटा उठतात. ह्याला कान लागत नाही. डोळा लागतो आणि बोट, आणि माझे दोन्ही शाबूत आहेत. दुसरं पातं केसभर वर होतं, ते मी लाकडाच्या तुकड्याने दाबून बसवलं. तेवढा वेळ मी पुन्हा मी होते. मुलगा पान्याने बोल्ट आवळत गेला. दमला होता; तिसरी खेप, तेच बारा बोल्ट, झिजलेल्या डोक्यांवरून पाना घसरत होता, आणि तो स्वतःशीच काहीतरी पुटपुटत होता. मग त्याने छोटी हातोडी माझ्या हातात दिली आणि बटणापाशी जाऊन उभा राहिला. सून समोर आली, पहिली फळी घेऊन, दोन्ही तळवे फळीवर. टोपण तिने अजून कानांवर ओढलं नव्हतं. माझ्याकडे बघत होती.

मी पहिली टिचकी मारली. काय ऐकलं ते सांगते. शिट्टी ऐकली, आणि शिट्टीच्या मागे कुठेतरी, जाड गोधडीखाली कोणी चमचा पाडावा तसं काही. दुसरी मारली, तसंच. तिसरी, तसंच. मान उजवीकडे वळवून उजवा कान खाली नेला तर उजव्यातही फारसं काही उरलं नाही हे मला त्याच वेळी, त्याच जागी कळलं. मी किती दिवस नुसतं आठवणीने ऐकत होते कोण जाणे. मी बाराही ठोकले. हात थांबू दिला नाही, नेहमीच्या चालीने ठोकले, कारण मुलगा बघत होता. बारा बोल्ट, बारा वेळा गोधडी. हातोडी खाली झाली. आता मला फक्त बोलायचं होतं. ठीक आहे म्हणायचं, किंवा मला ऐकू येत नाही म्हणायचं. मी ते वाक्य तोंडात धरून पाहिलं. वर्षानुवर्षं मी ते दुसऱ्याच्या तोंडात घालत आले होते, इतक्या सहज, की ते हलकं असेल असं मला वाटत होतं. ते उचललं जात नव्हतं. सुनेचे तळवे फळीवर तसेच होते, बोटं पसरलेली, नखांत भुसा. तिने डोळ्यांनीच मला विचारलं, आणि मग, माझ्याकडून उत्तर येत नाही हे पाहूनही, फळी मागे घेतली नाही. उभी राहिली. मी जे म्हणेन त्यावर उभी राहिली. हा विश्वास होता की मला शिक्षा होती?

"पुन्हा आवळ," मी म्हटलं.

"कुठला?" मुलगा म्हणाला.

"सगळे."

"सगळे कसे ढिले असतील? कुठला ते सांग ना, आई."

"तुला सांगितलं ना सगळे आवळ! मोजायला आवडतं ना तुला? मग मोज, बारा आहेत. तुझ्या वडिलांना पण असंच सगळं ठीक वाटायचं."

तो हसला, पाना घेऊन आला, "घ्या, आईसाहेबांचा हुकूम," म्हणत वाकला. पहिला हलला नाही. दुसरा, तिसरा, चौथा नाही. पाचवा नाही. सहावा नाही. सातव्याला पाना लावला आणि पाना फिरला. पाव फेरा. मग आणखी थोडा. तो थांबला. बोल्टाकडे बघत राहिला, मग समोर उभ्या असलेल्या आपल्या बायकोकडे, तिच्या पोटाच्या उंचीवर तो बोल्ट होता. "हा मी सोडला होता," तो म्हणाला. "घसरला असेल पाना, मला वाटलं बसला." उरलेले पाच त्याने दोन-दोनदा आवळले. आणि मग त्याने, एवढ्या मोठ्या माणसाने, माझे दोन्ही हात धरले आणि सुनेला म्हणाला, "बघितलंस? मी तुला काय सांगतो नेहमी? हा कान आहे म्हणून हे घर आहे."

मला तेव्हा काय दिसत होतं ते त्याला दिसत नव्हतं. तो बोल्ट माझ्यामुळे ढिला होता. मशीन बरं होतं. दोन आठवड्यांपूर्वी बरं होतं, कालही बरं होतं. माझ्या डोक्यातल्या शिट्टीसाठी मी ते तीनदा उघडायला लावलं, बारा घट्ट बोल्ट तीनदा सोडायला लावले, मुलाला दमवलं, आणि मग मीच पाजळलेलं पातं सुनेसमोर आणून उभं केलं. आणि त्याबद्दल माझे हात धरले जात होते. मी हात सोडवून घेतले. म्हटलं, अगदी स्पष्ट म्हटलं, "मला ऐकू येत नाही. डाव्या कानात शिट्टी वाजते, उजवाही गेलाय. मशीन कधी ओरडतच नव्हतं. हा बोल्ट मला कळला नव्हता." चार शब्दांहून जास्तच झाले. मुलगा क्षणभर बघत राहिला आणि मग खदखदून हसला. "बोल्ट निघाला सातवा ढिला, आणि म्हणे ऐकू येत नाही! आई, तू नम्र व्हायला लागलीस तर आम्ही कोणाला घाबरायचं?" माझ्या पाठीवर थाप मारून तो बटणाकडे गेला. मी पुन्हा सांगायला हवं होतं. त्याला खांदे धरून बसवायला हवं होतं, दाराआडून बोलून बघ म्हणायला हवं होतं. मी तोंड उघडलंही. पण तो हसला तेव्हा माझ्या छातीत जे सैल झालं, जी थंडगार झुळूक आत शिरली, तिला काय म्हणतात ते मला माहीत आहे, आणि म्हणून मी तोंड मिटलं. ह्यांना मी जे जे म्हटलं होतं ते सगळं मला पाठ आहे. त्यातला एकही शब्द मी परत घेणार नाही. आता तर मुळीच नाही, आता तो दोघांना पुरतो.

पायऱ्या झाल्या. चव्वेचाळीसच्या चव्वेचाळीस, आरशासारख्या. त्या माणसाची आई वरच्या मजल्यावर गेली म्हणे. मुलगा व्यापाऱ्याला, शेजाऱ्यांना, येईल त्याला सातव्या बोल्टाची गोष्ट सांगतो, आणि दर खेपेला मी तो बोल्ट थोड्या जास्त लांबून ऐकलेला असतो. परवाच्या गोष्टीत तर मी स्वयंपाकघरात होते. भाऊजींना कोणीतरी ती गोष्ट दुकानात सांगितली. त्यांनी निरोप पाठवला की वहिनींसारखा कान त्या दिवशी घरी असता तर. मी तो निरोप आणणाऱ्याला चहा दिला नाही.

काल पुन्हा धार लावून पाती बसवायची होती. मी जरा लवकर मागच्या खोलीत उतरले तर सून आधीच तिथे होती, एकटी, रुळावर ओणवी. पाना दोन्ही हातांनी धरून एकेक बोल्ट आवळत होती, पूर्ण वजन टाकून, आणि आवळलेल्या प्रत्येक बोल्टावर खडूची लहान रेघ मारत होती. मी आलेलं तिला कळलं. बारावा झाल्यावर तिने सगळ्या रेघा ओल्या फडक्याने पुसून टाकल्या. मग वळली, माझ्या समोर आली, मला नीट दिसेल अशी उजेडात उभी राहिली, आणि सावकाश, एकेक अक्षर सोडवून बोलली. "रोज मी आधी आवळून ठेवत जाईन. तुम्ही मग ठोका. ठोकणं बंद नका करू, आई. ह्यांना लागतं ते."

ह्या घरात माझ्याशी असं बोलायची कोणाची छाती नव्हती. उत्तर माझ्याकडे होतं, चांगली दोनचार उत्तरं होती. तेवढ्यात मुलगा पायऱ्या उतरून आला, टोपणं गळ्यात अडकवलेली, आणि हातोडी माझ्यापुढे धरली. मी ती घेतली. बाराही बोल्टांवर टिचक्या मारल्या, घाई केली नाही. नवव्याशी जरा थांबले, मान तिरकी केली, मुलाचा श्वास अडकलेला पाहिला, आणि पुढे गेले. मग हातोडी ठेवली, पदराने हात पुसले आणि "चालू कर," म्हटलं.